रानाच्या कडेचा ताप

मेलेलं वानर कधी कुणाला दिसत नाही, असं आपल्याकडे गावोगावी म्हणतात. ती कुठं मरतात ते रानालाच ठाऊक. १९५७ च्या मार्च महिन्यात मात्र तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या रानात वानरं दिवसाढवळ्या मरून पडलेली सापडू लागली. काळ्या तोंडाची वानरं होतीच, शिवाय कोकणात ज्यांना केलडी म्हणतात ती लहान माकडंही होती. त्याच सुमारास रानालगतच्या खेड्यांतली माणसं तापानं फणफणली. ताप एकाएकी चढायचा. डोकं फुटेल असं व्हायचं आणि कमरेत, पोटऱ्यांत अशी कळ उठायची की कूस बदलणंही नको वाटावं. डोळे लालबुंद व्हायचे. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त यायचं. आठ-दहा दिवसांनी ताप उतरायचा, घरचे हुश्श करायचे, आणि काहींना पुन्हा ताप भरायचा. या खेपेला मान ताठ, हातांना कंप आणि भ्रम.

सुरुवातीला हा विषमज्वरच समजला गेला. गावकऱ्यांचं निदान त्याहून सरळ होतं. माकडं मरतात तिथं माणसं आजारी पडतात, एवढं त्यांनी पाहिलं होतं आणि तेवढंच ते सांगत होते. कन्नड मुलखात या रोगाला ‘मंगन कायिले’ म्हणतात, आपल्याकडे माकडताप. पहिल्याच हंगामात साडेचारशेहून जास्त माणसं आजारी पडली. बहुतेक जण लाकूडफाटा, पालापाचोळा किंवा गुरं यांच्या निमित्तानं रानात जाणारे होते.

खबर पुण्याला पोचली. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र उभारलं होतं. कोविडच्या दिवसांत रोज बातम्यांत असलेली एनआयव्ही ती हीच. १९७८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली, इतकंच. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क. माकडं आणि माणसं एकाच वेळी मरताहेत हे ऐकल्यावर पुण्यात पहिला धसका बसला तो पिवळ्या तापाचा. दक्षिण अमेरिकेच्या रानात पिवळ्या तापाची साथ येते तेव्हा आधी झाडांवरची माकडं मरतात, मग माणसांची पाळी येते. हा रोग भारतात कधीच आलेला नव्हता. तो पसरवणारा डास मात्र आपल्या घराघरांतल्या माठांत आणि टाक्यांत सुखानं नांदत होता, आजही नांदतो. रोगाशी कधी गाठच न पडल्यामुळे देशात कुणाच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असण्याचं कारण नव्हतं. पिवळा ताप एकदा आत शिरला असता तर काय झालं असतं, याची कल्पना त्या शास्त्रज्ञांना आपल्यापेक्षा चांगली होती. रॉकफेलरच्या माणसांची अर्धी हयात त्या रोगामागे गेली होती.

तो पिवळा ताप नव्हता. आजारी वानराच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला गेला, गोचिडींतही तोच सापडला आणि डास निर्दोष सुटले. मात्र या विषाणूचे जवळचे भाऊबंद निघाले ते भलतीकडेच, रशियाच्या थंड रानांत. तिकडे वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला लाकूडतोड्यांना गोचीड चावून मेंदूज्वर होतो; तो देणारा विषाणू आणि मलनाडच्या, म्हणजे शिमोग्याकडच्या डोंगराळ मुलखाच्या, दमट रानातला हा विषाणू एकाच कुळातले. हे काम करता करता खुद्द पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या काही जणांनाही या तापानं गाठलं. त्या काळात आजच्यासारखी बंदिस्त दालनं नव्हती. एनआयव्हीची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा पुण्यात उभी राहिली ती २०१२ साली.

आता प्रश्न असा की सैबेरियाचा सगासोयरा शिमोग्यात आला कसा? यावर त्या काळच्या मंडळींना जे उत्तर सुचलं ते मला फार बोलकं वाटतं. मी राहतो त्या संभाजीनगरच्या पश्चिमेला, खाम नदीपलीकडे, छावणी आहे. इंग्रजी अमलातल्या अशा छावण्या गावाला खेटून वसवत नसत. मध्ये मोकळी जागा सोडायची, हद्दीचे दगड रोवायचे आणि गावातली घाण, पटकी, ताप हे सगळं हद्दीपलीकडे राहील अशी व्यवस्था लावायची, हा त्यामागचा एक हिशेब. रोग बाहेरून येतो, तेव्हा हद्द राखा. ही समजूत लष्करी डॉक्टरांपुरती कधीच राहिली नाही. क्यासनूरच्या बाबतीतही पहिली शंका बाहेरच्यावरच गेली. हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे येणारे पक्षी पिसांतून बाधित गोचिडी घेऊन येत असावेत!

ही शंका पडताळायला जागतिक आरोग्य संघटनेनं पैसा दिला आणि काम आलं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, म्हणजे सलीम अलींकडे. संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ, हिमायतबागेसमोर त्यांच्या नावाचं सरोवर आहे. हिवाळ्यात तिथं बदकं बघायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराचा पहिला मोठा, शिस्तशीर अभ्यास एका तापापायी सुरू झाला. १९५९ पासून पुढे सोसायटीच्या माणसांनी जाळी लावून पक्षी धरले, त्यांच्या पायांत कडी घातली, अंगावरच्या गोचिडी चिमट्यानं टिपल्या आणि रक्ताचे थेंब घेतले. पक्षिशास्त्राला त्यातून भरभरून मिळालं. कुठला पक्षी कुठून येतो आणि कधी परततो, हे पहिल्यांदा आकड्यांनिशी कळू लागलं. सैबेरियातून क्यासनूरचा ताप आणणारा पक्षी मात्र हाती लागला नाही.

मधल्या काळात या कामाला वेगळाच वास येऊ लागला. पुढच्या टप्प्यात काही पैसा अमेरिकी लष्कराच्या एका कार्यक्रमातून आला होता. तो शीतयुद्धाचा काळ. पक्ष्यांमार्फत रोग पसरवता येतो का हे तर कुणी चाचपत नाही ना, असा प्रश्न उठला आणि १९७०च्या दशकात प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपुढे गेलं. सलीम अलींना त्याचा मनस्ताप झाला. त्या वादात शिरायचं तर वेगळा लेख लिहावा लागेल. इथं एवढंच नोंदवतो की रोगाचं मूळ सीमेपलीकडे शोधताना त्याच्या आजूबाजूला दुसरे संशय उगवायला वेळ लागत नाही. या सगळ्याच्या आधीच, केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांत, कच्छ आणि सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तात याच गटातल्या विषाणूंच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे हा पाहुणा, किंवा त्याचं गोत, या मातीत आधीपासूनच होतं.

मग १९५७ मध्ये असं काय घडलं?

यावर सगळ्यात मार्मिक उत्तर दिलं ते होर्हे बोशेल या कोलंबियन डॉक्टरनं. १९६०च्या दशकात तो पुण्याच्या केंद्रासाठी शिमोग्याच्या रानात काम करत होता. त्याच्या गाठीला एक जुना अनुभव होता. १९४०च्या सुमारास कोलंबियात, रेस्त्रेपोच्या परिसरात, पिवळ्या तापाचा माग काढताना एक कोडं सुटत नव्हतं. रानात जाणाऱ्यांना ताप होतो, पण जमिनीवर तो पसरवणारा डास तर दिसत नाही. एके दिवशी बोशेलच्या डोळ्यांदेखत लाकूडतोड्यांनी एक उंच झाड पाडलं, आणि झाड कोसळताच शेंड्यावर राहणारे निळसर डास त्या माणसांवर तुटून पडले. एरवी शंभर फुटांवर माकडांचं रक्त पिणारे हे डास झाडाबरोबर खाली आले होते. डास तेच होते आणि माकडंही तीच. माणसाच्या कुऱ्हाडीनं फक्त वरचा मजला तळमजल्यावर आणला.

हा माणूस मलनाडात आला तेव्हा त्याला रानापेक्षा रानाची कड जास्त दिसली, यात नवल नाही. १९६९ मध्ये त्यानं आपलं म्हणणं लिहून काढलं. ते समजायला आधी गोचिडीचा जन्मक्रम समजून घ्यायला हवा.

छावणीत गुरुवारी भरणाऱ्या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो, मग पाठीवरून हात फिरवतो आणि कानाच्या मुळाशी, शेपटीखाली बोटं घालून गोचीड आहे का ते चाचपतो. रक्त पिऊन एरंडीच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या माद्या तिथंच चिकटलेल्या असतात. आपल्या कोरड्या मराठवाड्यात माकडताप नाही. आपल्याला गुरं आणि विषाणू यांचं नातं आठवतं ते लम्पीमुळे, कारण २०२२ मध्ये त्या साथीपायी राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. माकडतापात मामला उलटा आहे. त्यात गुरं आजारी पडत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच त्यांच्यावर कुणाचा संशय जात नाही.

मलनाडची ती गोचीड अंड्यातून निघाल्यावर दोनदा कात टाकते आणि प्रत्येक वेळी तिला नवं अंग लागतं. पावसाळा सरता सरता निघालेली मोहरीपेक्षा बारीक पिल्लं उंदीर, चिचुंद्र्या, जमिनीवर चरणारे पक्षी, माकडं अशा मिळेल त्याच्या अंगावर चढतात. कात टाकल्यावर ती मधल्या अवस्थेत येतात, टाचणीच्या माथ्याएवढी. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत रान याच अवस्थेतल्या गोचिडींनी भरलेलं असतं, आणि माणसाला चावते ती हीच. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला मात्र मोठं जनावर हवं. अस्सल रानात तिला सांबर किंवा गवा मिळणार, तेही विरळ. रानाच्या कडेला तिला रोज सकाळी सोडलेली गायीगुरं मिळतात. एकेक मादी पोटभर रक्त पिऊन खाली गळते आणि हजारोंनी अंडी घालते. गुरं ज्या वाटेनं चरायला जातात त्या वाटेवर पुढच्या हंगामाची पेरणी होत जाते.

यात विषाणूची फिरती पुंजी सांभाळतात ते उंदीर आणि चिचुंद्र्या, गाजावाजा न करता. त्यातली एखादी बाधित गोचीड माकडाला चावली की माकड तापतं, त्याच्या रक्तात विषाणू उसळतो आणि अंगावरच्या शेकडो गोचिडी तो पितात. माकड मरून झाडाखाली पडतं. थंड पडलेल्या अंगावर गोचीड थांबत नाही. त्या सगळ्या उतरून भोवतीच्या पाचोळ्यात पसरतात. त्या झाडाखाली दुसऱ्या दिवशी सरपण गोळा करायला आलेली बाई त्या ढिगातच वाकते. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. विषाणूच्या दृष्टीनं माणूस म्हणजे बंद गल्ली.

बोशेलचं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या सलग रानात हे चक्र मंदपणे फिरत होतं. माणसं आणि गुरं त्यात क्वचितच पडत. शिमोग्याकडे लोकसंख्या वाढली, तशी भाताची खाचरं रानात घुसत गेली आणि दाट झाडीचे तुकडे झाले. सुपारीच्या बागांना पानांचं खत लागतं, म्हणून जवळच्या रानाच्या फांद्या दरसाल छाटल्या जात. रिकाम्या जागेत घाणेरी माजली. तिच्या काटेरी जाळीत उंदरांना आसरा आणि गोचिडींना सावली व ओल मिळाली. गुरं रोज तिच्यातून आत-बाहेर करू लागली. शेत, झाडी, गोठा आणि वाट इतकी जवळ आली की रान कुठं संपतं आणि गाव कुठं सुरू होतं ते सांगता येईना. याच भागात शरावतीवर लिंगनमक्कीचं धरण होत होतं. १९६४ मध्ये ते पुरं झालं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि विस्थापितांची घरं आणखी आतल्या रानात उभी राहिली.

जंगल शाबूत राहिलं असतं तर विषाणू नसता, असं बोशेल म्हणत नव्हता आणि आपणही म्हणू नये. पर्यावरणाच्या कळकळीपोटी पुष्कळ जण हे असं सोपं करून सांगतात. विषाणू होताच. रान पुरतं नाहीसं झालं असतं तर कदाचित रोगही गेला असता, माकडं आणि सावलीही त्याच्याबरोबर. घातक ठरली ती मधली, अर्धवट अवस्था. अलीकडे, २०२०च्या आसपास, भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी रुग्णांच्या नोंदी नकाशावर मांडून पाहिल्या तेव्हाही हाच ठिपका उठून दिसला: ओलसर रान, बाग, शेत आणि देशी गुरं यांची सरमिसळ असलेला मुलूख.

बोशेलचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७० पर्यंत रोग शिमोग्याच्या दोन-तीन तालुक्यांत घोटाळत होता, त्यामुळे तो तिथलाच म्हणून सोडून देणं सोपं होतं. मग १९८२-८३ च्या हंगामात दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात भडका उडाला. तिथं राखीव रानाचा मोठा पट्टा काजूची लागवड करण्यासाठी साफ तोडला होता. तोडीला मजूर आले आणि मोकळ्या झालेल्या जागेत गुरं आली. माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं. हजाराच्या वर लोक आजारी पडले. बोशेलच्या निबंधावर निसर्गानं सही केल्यासारखी ती साथ होती, फक्त त्या सहीला जीव मोजून द्यावे लागले.

तीसेक वर्षांनी हा ताप पश्चिम घाटाच्या कण्यानं खाली-वर सरकला. २०१२-१३ मध्ये तो बंडीपूर आणि निलगिरीकडे दिसला, नंतर केरळात वायनाडला. उत्तरेला २०१५ मध्ये गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात. आणि जानेवारी २०१६ मध्ये महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात, केर या गावी.

सत्तरी आणि दोडामार्ग ही नावं नकाशावर दोन राज्यांत असली तरी रान एकच आहे. म्हादई आणि तिलारी या नद्यांच्या खोऱ्यांत ते पसरलेलं आहे. दोडामार्गचा माणूस आजारी पडला तर जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाण्याआधी गोव्यात बांबोळीला जातो. वाघ, गवे आणि २००२ नंतर कर्नाटकातून उतरलेले हत्तीही ही हद्द मानत नाहीत. केरमध्ये त्या जानेवारीत माकडं मरायला लागली, ताप सुरू झाला, आणि पहिल्यांदा मनात आले ते डेंगी आणि लेप्टो, कारण सिंधुदुर्गाला तेच ओळखीचे. नमुने पुण्याला आणि मणिपालला गेले आणि उत्तर आलं ते शिमोग्याचं. त्या हंगामात शंभराहून अधिक जणांची बाधा नक्की झाली. पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या आसपास उतरला. २०१६ मध्येच बेळगाव जिल्ह्यातून गोव्याच्या काजूबागांत कामाला गेलेले मजूर हा ताप घेऊन घरी परतले होते. घाट उतरून हंगामापुरतं मजुरीला जायचं आणि मिळकतीसोबत रोग आणायचा, असा हा व्यवहार.

इथं पुन्हा काजू आला, आणि हा योगायोग नाही. काजूचं बोंडू पिकलं की ते झाडावरून तोडत नाहीत, खाली पडू देतात. जानेवारी-फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत घरातली माणसं, विशेषतः बायका, पहाटे बागेत जातात आणि पाचोळ्यात वाकून, कधी उकिडवं बसून पडलेली बोंडं गोळा करतात. बी पिळून काढायची, बोंडू गोव्यात असेल तर फेणीच्या भट्टीला. पिकलेल्या बोंडांवर माकडांचाही डोळा असतोच. म्हणजे ज्या महिन्यांत टाचणीच्या माथ्याएवढी गोचीड पाचोळ्यात दबा धरून असते, त्याच महिन्यांत माकड वर आणि माणूस खाली, एकाच झाडाशी. त्यात कोकणची दुसरी कामं येतात. भाताची रोपं टाकायची जागा भाजायला कवळ तोडून आणायचा. गोठ्यात गुरांखाली पसरायला रानातला पातेरा झाडून पाट्या भरायच्या. त्या पातेऱ्यातून गोचीड थेट गोठ्यात येते, आणि गोठा घराला लागूनच असतो.

पारंपरिक काजूची मोकळी राई एकटी असती तर कदाचित इतकं झालं नसतं. गेल्या दोन-तीन दशकांत दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर मोठी उलथापालथ झाली. तिलारीचं धरण झालं आणि गावं हलली. खासगी मालकीचं रान विकत घेऊन साफ तोडलं गेलं आणि जागी रबर लागला, त्यात केरळातून आलेले बागायतदार बरेच. कुठं अननस, कुठं काजूच्या कलमांची दाटी. हा पट्टा म्हणजे वन्यप्राण्यांची कर्नाटक-गोव्याकडून राधानगरीकडे जाण्याची वाट. म्हणून वनशक्ती आणि आवाज फाउंडेशन या संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१३ मध्ये न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर बंदी घातली. त्यानंतरही तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. त्या खटल्यात वाघाचं नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. गोचिडीसाठी कोण कोर्टात जाणार?

जाता जाता एक गंमत. १९५७ मध्ये पुण्याला भीती होती ती दक्षिण अमेरिकेतून रोग येण्याची. तो आला नाही. या रानांच्या कडेला आज जे उभं आहे ते मात्र बहुतेक तिकडचंच आहे. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. रबराचं मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात. घाणेरी अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती बागेची शोभा म्हणून लावली आणि ती बागेबाहेर पडली ती पडलीच. आणि हे सगळं उलगडून सांगणारा डॉक्टरही कोलंबियाचा.

जगात अन्यत्रही गोष्ट फार वेगळी नाही. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांच्या गोठ्यांशेजारी आंब्यासारखी फळझाडं लावली होती. फळं खायला वटवाघळं आली, त्यांची उष्टी फळं डुकरांच्या पुढ्यात पडली आणि सुंगाई निपाह या गावाच्या नावानं ओळखला जाणारा विषाणू माणसांत उतरला. शंभरावर माणसं गेली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. आपल्याकडे एनआयव्हीनं २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली तेव्हा त्यांच्यातही निपाहच्या खुणा मिळाल्या. माणसांत तो महाराष्ट्रात अजून आढळलेला नाही. गुहा तिथंच आहे. तिच्यापर्यंत आपण काय नेऊन ठेवतो, हा पुढचा भाग.

माकडतापावर उपाय काय केले? पहिल्या वर्षांत रशियन मेंदूज्वराची अमेरिकेत बनवलेली लस हजारो लोकांना टोचून पाहिली. भाऊबंदाची लस इथं लागू पडली नाही. मग कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवलेल्या विषाणूची लस कर्नाटकात तयार झाली. तिचे दोन डोस महिन्याच्या अंतरानं, सहा-नऊ महिन्यांनी तिसरा आणि मग दरवर्षी एक, असा पल्ला. टोचल्यावर हात दुखतो, मजुरी बुडते, त्यामुळे पहिल्या डोसनंतर पुन्हा रांगेत उभा राहणारा विरळाच. शिमोगा भागातल्या २००५ ते २०१० च्या आकडेवारीवरून दोन डोसांचं संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपास निघालं. तिसऱ्या डोसानं ते ८३ टक्क्यांपर्यंत जातं, पण तिसऱ्यापर्यंत पोचतो कोण? २०२२ मध्ये गुणवत्ता घसरल्यामुळे ती लसही बंद झाली. नव्या लसीवर हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीत काम चालू आहे.

बाकी उपाय जुनेच. मेलेलं माकड सापडलं की खबर द्यायची, ते जाळायचं, भोवतीच्या ५० मीटरच्या रिंगणात मॅलाथिऑनची भुकटी मारायची. रानात जाण्याआधी हातापायांना तेल चोळायचं. पूर्वी डीएमपी वाटत, आता संरक्षण संशोधन संस्थेनं काढलेलं डेपा. पण घामानं तेल निथळतं, आणि एप्रिलच्या उन्हात बाह्या-पाय झाकून वाकण्याचं काम ज्यानं केलंय त्याला ते सांगणं किती सोपं आणि पाळणं किती अवघड हे कळेल. हे सगळे उपाय शेवटी वाकणाऱ्या माणसाच्याच गळ्यात पडतात. तेल त्यानं लावायचं आणि लसही त्यानंच घ्यायची. उतारावरचं रान तोडून त्याची बाग करणाऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

२०१८ च्या अखेरीस शिमोग्याच्या सागर तालुक्यात अरळगोडू परिसरात ताप पुन्हा पेटला आणि दहाहून जास्त माणसं गेली. हाच तो तालुका, जिथं पुण्याच्या केंद्रानं आपलं ठाणं उभारलं होतं, जिथल्या गोचिडी मोजून मोजून शास्त्रज्ञांची एक पिढी निवृत्त झाली. जगात इतका अभ्यासलेला गोचिडींचा मुलूख फार थोडा असेल. २०२४ च्या जानेवारीतही कर्नाटकात माणसं गेली. ज्ञान कमी पडलं असं म्हणायला इथं जागा नाही. खासगी रान तोडायची परवानगी मागताना झाडांची जात, संख्या आणि बुंध्याचा घेर लिहून द्यावा लागतो. तोडलेल्या जागेला लागून किती घरं आहेत, गुरं कुठून जातात, मागच्या हंगामात तिथं माकडं मेली होती का, याचा तोडीच्या परवानगीशी अजून कुणी संबंध जोडलेला नाही. आरोग्य खात्याच्या नोंदवहीत या गोष्टी असतात, आणि महसूल-वन खात्याचं टेबल दुसऱ्या इमारतीत असतं.